पावसाळ्यातील जुलाब आणि चार महिन्यांची मुलगी: निव्वळ अंगावरचे दूध पुरेसे आहे का?

विचारणा : कोयनाकाठ (कराड तालुका)

नमस्कार. आमचे गाव कराड तालुक्यात कोयनेच्या काठी आहे. माझी मुलगी नुकतीच चार महिन्यांची झाली. ती पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. आठवड्यातून एक-दोनदा आजेसासूबाई बाळगुटी उगाळून देतात, तेवढाच अपवाद. पाऊस लागल्यापासून नळाला गढूळ पाणी येते आहे आणि ग्रामपंचायतीने टीसीएल (पाणी शुद्ध करणारी पावडर) टाकले तरी गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढत आहेत. शेजारच्या घरातील आठ महिन्यांच्या मुलाला जुलाबांमुळे सलाइन लावावे लागले, तेव्हापासून आमच्या घरातही सगळे धास्तावले आहेत.

माझी मुलगी दिवसातून सहा-सात वेळा शी करते. ती पिवळी, पातळ आणि थोडी कणीदार असते. मुलगी हसते, खेळते, वजनही वाढते आहे. तरीही आजेसासूबाईंना वाटते की माझे दूध तिला बाधते आहे, म्हणून दोन दिवस दूध तोडून तांदळाची पेज द्यावी आणि एरवीही उकळलेले पाणी चमचा-चमचा पाजावे. या घरातील सगळी मुले त्यांच्या हाताखाली वाढली आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांनी नको सांगितले’ एवढ्यावर त्यांना गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही. आईच्या दुधाने जुलाबांपासून बाळाचे रक्षण होते असे सगळीकडे लिहिलेले असते. पण ते नेमके कसे होते, वरचे पाणी उकळून दिले तरी काय बिघडते आणि खरोखरच जुलाब लागले तर दूध चालू ठेवायचे की थांबवायचे, हे मला कारणांसह समजून घ्यायचे आहे, म्हणजे मला ते त्यांनाही नीट सांगता येईल.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, सांगली

ताई, आपल्या वर्णनावरून मुलीला जुलाब झालेले दिसत नाहीत. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, मोहरीसारख्या कण्यांची आणि वारंवार होणारी असू शकते. काही बाळे प्रत्येक वेळी पिऊन झाल्यावर शी करतात, तर काही बाळांना महिना-दीड महिन्यानंतर दोन-चार दिवस शी होतच नाही, आणि दोन्ही प्रकार निरोगी असतात. आपल्या बाळाची नेहमीची रीत एकदम बदलली, शी पाण्यासारखी होऊ लागली, तिच्यात रक्त दिसले, किंवा त्याबरोबर ताप, उलट्या, मलूलपणा आला, तर मात्र ते जुलाब समजावेत. हसणाऱ्या, बाळसे धरणाऱ्या मुलीचे दूध तोडण्याला कोणताही आधार नाही, आणि पावसाळ्यात तसे करणे तर धोक्याचे आहे.

दूध दोन प्रकारे रक्षण करते आणि ते दोन्ही प्रकार वेगवेगळे समजून घेणे उपयोगाचे ठरेल. पहिला प्रकार अगदी सरळ आहे. लहान मुलांचे बहुतेक जुलाब दूषित पाणी, भांडी, हात आणि अन्न यांच्यावाटे पोटात गेलेल्या जंतूंमुळे होतात. जे बाळ केवळ स्तनातून दूध पिते, त्याच्या आणि त्याच्या अन्नाच्या मध्ये ना पाणी येते, ना वाटी, ना चमचा, ना कोणाची बोटे, त्यामुळे जंतूंच्या आत शिरण्याच्या बहुतेक वाटा बंद होतात. दुसरा प्रकार असा, की दुधातच रोगाशी लढणारे घटक असतात, म्हणून बाळाने हात चोखले किंवा एखादा जंतू कसाही आत गेला, तरी त्याला आतड्यात पाय रोवणे कठीण जाते.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये हा आग्रह सर्वांत जास्त असतो आणि तो प्रेमापोटीच असतो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते, अगदी जत-आटपाडीच्या मे महिन्यातही नसते. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा प्यायला मागते आणि त्याला तितक्या वेळा पाजावे, एवढेच पुरते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, तर पाणी पुरेसे मिळते आहे असे समजावे.

पाणी उकळल्यावर काय बिघडते, हा आपला प्रश्न रास्त आहे. उकळलेले पाणी उकळल्याच्या क्षणी निर्जंतुक असते. पण नंतर ते दुसऱ्या भांड्यात ओतले जाते, झाकण उघडे राहते, चमचा ओट्यावर ठेवलेला असतो, आणि बाळाच्या तोंडापर्यंत जाताना त्यात पुन्हा जंतू मिसळतात. शिवाय पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, ते दूध कमी ओढते, आणि कमी ओढल्यामुळे आईचे दूधही हळूहळू कमी होते. २०११ साली विविध देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत असे आढळले, की पहिल्या सहा महिन्यांत अजिबात अंगावर न पिणाऱ्या बाळांचा जुलाबाने मृत्यू होण्याचा धोका निव्वळ अंगावर पिणाऱ्यांच्या सुमारे दहा पट होता. ज्यांचे मुख्य अन्न आईचे दूधच होते, पण ज्यांना वरून पाणी किंवा तत्सम पातळ पदार्थ दिले जात होते, त्यांचाही धोका दुपटीहून अधिक होता. म्हणजे चमचाभर पाण्याचीही किंमत मोजावी लागते.

आजेसासूबाईंना आपल्याकडच्या खेड्यांतील उदाहरण अधिक पटेल. हरियाणातील ग्रामीण भागात अंगणवाडी सेविका, दाई आणि आरोग्य कर्मचारी यांच्यामार्फत काही गावांमध्ये मातांना निव्वळ स्तनपानाचा सल्ला सातत्याने देण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांत तिसऱ्या महिन्यात ७९ टक्के बाळे निव्वळ अंगावरच्या दुधावर होती, तर इतर गावांत हे प्रमाण ४८ टक्के होते. सल्ला मिळालेल्या गावांतील बाळांना जुलाब कमी झाले आणि वरचे काही न दिल्यामुळे त्यांची वाढ खुंटली, असेही दिसले नाही.

खरोखरच जुलाब लागले, तर दूध क्षणभरही थांबवू नये. उलट अधिक वेळा पाजावे. जुलाबात बाळाच्या अंगातील पाणी आणि क्षार निघून जातात, आणि ते भरून काढणारा व पचायला सर्वांत हलका पदार्थ आईचे दूध हाच आहे. सोबत ओआरएस (क्षार-साखरेचे जलसंजीवनीचे पाणी) द्यावे. मोठी पुडी असेल तर ती एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी, अर्धी-अर्धी वापरू नये, आणि तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस चमच्याने, सावकाश द्यायचे असते. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी द्यायचे नाही, या नियमाला हा एकच अपवाद आहे, आणि तो औषध म्हणून आहे. झिंकची गोळी दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढील मुलांना २० मिलिग्रॅम, अशी १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी ती पूर्ण करावी. जुलाब ‘बांधणारी’ औषधे आणि उरलेली प्रतिजैविके घरच्या घरी देऊ नयेत.

बाळ दूध ओढेनासे झाले, डोळे खोल गेले, टाळू आत ओढल्यासारखी दिसू लागली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली, लघवी कमी झाली, शीत रक्त आले किंवा उलट्या थांबेनात, तर मुळीच वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाटेतही पाजत राहावे.

उत्तर : आरोग्यसेविका, पाटण तालुका

डॉक्टरांनी पाण्याचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी गुटीविषयी लिहिते, कारण आमच्या भागात खरी अडचण तिथे येते. पाणी नको म्हटले तर घरचे ऐकतात. गुटी नको म्हटले की त्यांना आपल्या साऱ्या अनुभवाचा अपमान झाल्यासारखे वाटते.

मी घरभेटीला जाते तेव्हा गुटी कशी देतात ते आधी बघते. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हरडा, खारीक, बदाम यांचे एकेका-दोन-दोन वळशांचे प्रमाण आजींना तोंडपाठ असते आणि त्यात त्या कधी चुकत नाहीत. पण सहाण दगडाची असते, तिच्या खाचांत मागच्या वेळची गुटी वाळून बसलेली असते. ज्या तांब्यातले पाणी तीवर घालतात, त्यात घरातील प्रत्येकाचा पेला बुडालेला असतो. उगाळलेले गंध बोटाने निपटून वाटीत घेतात, आईच्या दुधात कालवतात आणि कापसाच्या वातीने किंवा बोंडल्याने बाळाच्या तोंडात सोडतात. उगाळलेली मुळी न धुताच, ओलसर असतानाच डब्यात परत जाते आणि पावसाळी हवेत तिच्यावर बुरशी धरते. गुटीतील एखादे औषध गुणकारी आहे की नाही, या वादात मी पडत नाही. सहाण, तांब्या, बोट आणि वात अशी चार ठिकाणे मी आजींना दाखवते आणि विचारते, की यांतले कोणते आपण उकळून घेऊ शकतो? बहुतेक आजी स्वतःच म्हणतात, की सहाण काही उकळता येत नाही. सहा महिने गुटी थांबवायला त्यानंतर फारसा विरोध होत नाही.

मध चाटवण्याबाबत मात्र मी स्पष्ट नकार देते. मधातील काही जंतूंच्या बीजांमुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे वर्षभर मध अजिबात नको. ग्राइप वॉटर आणि जन्मघुटीच्या बाटल्यांचीही गरज नाही.

आजेसासूबाईंना कामातून बाजूला करू नका, ताई. त्यांना बाळंतिणीच्या जेवणाची, बाळाला तेल लावण्याची, ढेकर काढण्याची आणि तुम्ही पाजत असताना बाकीचे घर सांभाळण्याची जबाबदारी द्या. निव्वळ स्तनपान सहा महिने टिकते ते अशाच घरांत, जिथे आईला रात्री चार वेळा उठल्यावर सकाळी तासभर झोपू दिले जाते. हे मी फार वर्षे पाहत आले आहे, म्हणून आग्रहाने लिहिते. घरातील कर्त्या पुरुषांनीही हे वाचावे.

आणखी एक. मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर रोटाव्हायरसचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे तिन्ही डोस नोंदलेले आहेत ना, हे तपासा. ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही ती द्यायचीच असते. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विनामूल्य मिळते. पावसाळ्यात दोन पुड्या घरी आणून ठेवाव्यात.

कोयनाकाठ (विचारणाकर्ती)

आपणा दोघांचे मनापासून आभार. सहाणेची गोष्ट मी आजच आजेसासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी एक प्रश्न विचारला आहे आणि तो मलाही महत्त्वाचा वाटतो. मला स्वतःला जुलाब झाले, तर ते दुधातून मुलीला लागणार नाहीत का? आमच्याकडे आईचे पोट बिघडले की बाळाला पाजू देत नाहीत. दुधात रोगाशी लढणारे घटक असतात असे डॉक्टरांनी लिहिले आहे, तेही कोणी अधिक उलगडून सांगितले तर बरे होईल.

उत्तर : जीवशास्त्र शिक्षक, विटा

आजेसासूबाईंचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात आईच्या दुधाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य दडलेले आहे. आईचे पोट बिघडले असताना पाजणे थांबवायचे नसते. नेहमीचे जुलाबाचे जंतू आईच्या आतड्यातच राहतात, ते दुधात उतरत नाहीत; दुधात उतरतात ती त्या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये, म्हणजे जंतूंना ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने.

हे असे घडते. आई जे पाणी पिते, जे अन्न खाते, त्यातील जंतू तिच्या आतड्याच्या अस्तरातील प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या ओळखीचे होतात. अशा ओळख झालेल्या पेशींपैकी काही पेशी रक्तावाटे प्रवास करून स्तनांमध्ये येऊन राहतात आणि तिथे त्याच जंतूंविरुद्धचे ‘आयजीए’ जातीचे प्रतिद्रव्य तयार करू लागतात. ते दुधात मिसळते. परिणामी, कोयनाकाठच्या आईच्या दुधात कोयनाकाठच्या त्या घरात, त्या पावसाळ्यात फिरणाऱ्या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. कोणत्याही डब्यातील पावडरीत ही गोष्ट घालता येत नाही, कारण डबा भरणाऱ्याला आपल्या गावातील जंतू माहीत नसतात.

दुधातील आयजीए पोटातील पाचकरसांनी सहजासहजी मोडत नाही. ते आतड्याच्या आतल्या बाजूवर पसरते आणि जंतूंना धरून ठेवते, त्यामुळे ते अस्तराला चिकटू शकत नाहीत आणि शीबरोबर बाहेर पडतात. गर्भात असताना आईकडून बाळाला नाळेवाटे आयजीजी जातीची प्रतिद्रव्ये मिळतात. आयजीए मात्र नाळ ओलांडत नाही आणि नवजात बाळाचे आतडे स्वतः ते फारच थोडे बनवते. म्हणून पहिल्या महिन्यांत त्याचा मुख्य पुरवठा दुधातूनच होतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट, पिवळसर चिकात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. तो चीक पिळून टाकून देण्याची प्रथा अजूनही काही घरांत आहे, याचे मला फार दुःख वाटते. देशातील २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण केवळ सुमारे ४२ टक्के होते.

याखेरीज दुधातील लॅक्टोफेरिन लोहाला धरून ठेवते आणि वाढीसाठी लोह लागणाऱ्या जंतूंची उपासमार करते. लायसोझाइम काही जंतूंचे कवच फोडते. गाईच्या दुधापेक्षा ते आईच्या दुधात कित्येक पटींनी अधिक असते. मला वर्गात शिकवताना सर्वांत आवडणारा घटक म्हणजे ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. दुधातील घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर प्रमाणाने त्यांचाच क्रमांक लागतो, आणि तरीही बाळाला त्या पचवता येत नाहीत. मग त्या असतात कशासाठी? त्या मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि बायफिडोबॅक्टेरिया या हितकारक जिवाणूंचे अन्न होतात. हे जिवाणू वाढले की आतड्यातील आम्लता वाढते आणि रोगजंतूंना तिथे टिकणे अवघड होते. याच शर्करांपैकी काहींची रचना आतड्याच्या अस्तरावरील ज्या जागी जंतू चिकटतात त्या जागांसारखीच असते, म्हणून काही जंतू अस्तराऐवजी त्यांनाच चिकटतात आणि वाहून जातात.

तेव्हा आपल्याला जुलाब झाले तर भरपूर पाणी आणि ओआरएस प्या, शौचानंतर आणि मुलीला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवा आणि पाजत राहा. औषध घेताना आपण अंगावर पाजत आहोत, हे मात्र डॉक्टरांना सांगा.

प्रतिक्रिया : एक वडील, मिरज

वरील सर्व मजकूर आदराने वाचला. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आमच्या जुळ्या मुलांच्या वेळी पत्नीला गंभीर आजारामुळे अंगावर पाजणे शक्य झाले नाही आणि दोन्ही मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याच्या दुधावर वाढली. ती आज ठणठणीत आहेत. अशा चर्चा वाचताना पत्नीला आपण मुलांना काही कमी दिले असे वाटते, आणि ते मला बरे वाटत नाही. शिवाय पाणी स्वच्छ असेल, घरात काळजी घेतली जात असेल, तर एवढा फरक खरोखर पडतो का?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, सांगली

आपल्या पत्नीने काहीही कमी दिलेले नाही. वैद्यकीय कारणामुळे पाजता आले नाही आणि तरीही दोन मुले सुखरूप वाढवली, यामागे किती उकळलेली भांडी आणि किती जागरणे असतील, याची मला कल्पना आहे. ज्यांना पाजणे शक्य आहे, पण चुकीच्या सल्ल्यामुळे ते थांबवले जाते, अशा मातांसाठीच ही चर्चा आहे.

स्वच्छ पाण्याचा आपला प्रश्न संशोधकांनीही विचारला होता. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सतरा हजारांहून अधिक माता आणि बाळांचा एक मोठा अभ्यास झाला. तिथे रुग्णालये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागली होती. एका गटातील रुग्णालयांत मातांना स्तनपानासाठी विशेष साहाय्य दिले गेले, दुसऱ्यात नेहमीची पद्धत चालू राहिली. पाण्याची आणि दवाखान्यांची सोय चांगली असलेल्या त्या देशातही पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण साहाय्य मिळालेल्या गटात ९.१ टक्के, तर दुसऱ्या गटात १३.२ टक्के होते. स्वच्छ पाण्यामुळे धोका खूप कमी होतो हे खरेच आहे, पण दुधातील संरक्षण त्याच्या जोडीला लागतेच. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मधील स्तनपानविषयक लेखमालेतही, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील मुलांच्या जुलाबांपैकी सुमारे निम्मे जुलाब आणि त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे ७२ टक्के प्रसंग स्तनपानाने टाळता येण्याजोगे असल्याचे म्हटले आहे.

डब्याचे दूध द्यावेच लागत असेल, तर तेही धोका कमी करून देता येते. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी किमान ७० अंश सेल्सियस तापमानाचे असतानाच तीत मिसळावे आणि मग ते दूध थंड करून पाजावे. डब्यावरील माप काटेकोर पाळावे. पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे होय. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा, कारण बाटलीचे बूच आणि तिच्या गळ्याच्या खाचा पूर्ण स्वच्छ होत नाहीत. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

बाटलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. आम्ही काही महिला एका शाळेतील निवारा केंद्रात कामाला होतो. मदतीच्या साहित्यात दूधपावडरचे डबे आणि बाटल्या आल्या. पाठवणाऱ्यांचा हेतू अत्यंत चांगला होता, पण तिथे बाटली उकळायला इंधन नव्हते आणि प्यायचे पाणीही टँकरने येत होते, मग बाटली धुणार कशाने? एरवी व्यवस्थित अंगावर पिणारी मुलेही त्या डब्यांमुळे बाटलीवर गेली असती.

भीतीने दूध आटले, असे अनेक बाळंतिणी रडत सांगत होत्या. आमच्याबरोबरच्या परिचारिकेने आम्हाला समजावले, की धसक्यामुळे पान्हा काही वेळ फुटत नाही, पण दूध तयार होणे थांबलेले नसते. आम्ही वर्गाच्या एका कोपऱ्यात साड्यांचा आडोसा केला, तिथे बाळंतिणींना बसायला सतरंज्या घातल्या, त्यांना आधी गरम भात-आमटी आणि पाणी दिले आणि बाळांना उघड्या अंगाने त्यांच्या छातीशी ठेवले. एका ओल्या बाळंतिणीच्या पदरावर दुधाचा डाग पसरताना दिसला, तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाईंनी स्वतःच बाटली उचलून बाजूला ठेवली. ज्या बाळांची आई सोबत नव्हती, त्यांच्यापुरते डबे परिचारिकेच्या ताब्यात राहिले आणि ते दूध तिच्या देखरेखीखाली वाटी-चमच्याने दिले गेले. दोन वर्षांखालील बाळांसाठीची दूधपावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. मदत पाठवणाऱ्यांनीही या वस्तूंऐवजी बाळंतिणींसाठी अन्न, पाणी, साबण आणि कोरडी दुपटी पाठवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोयनाकाठ (विचारणाकर्ती)

बाळगुटीची सहाण आजेसासूबाईंनी स्वतःच्या हाताने धुऊन फडताळात ठेवली आहे. मुलगी सहा महिन्यांची झाली की तिला खाणे सुरू होईल आणि त्याच सुमारास मला कराडच्या कार्यालयात पुन्हा रुजू व्हायचे आहे. शेजारचे बाळ आठ महिन्यांचेच होते, त्यामुळे मला त्या काळाची अधिक भीती वाटते.

उत्तर : आरोग्यसेविका, पाटण तालुका

भीती योग्य ठिकाणी आहे, कारण सहा महिने ते दोन वर्षे या वयातच मुलांना जुलाब जास्त होतात. वरचे अन्न सुरू होते आणि मूल रांगत जे सापडेल ते तोंडात घालते. म्हणूनच खाणे सुरू झाले तरी अंगावर पाजणे दोन वर्षे आणि त्यानंतरही चालू ठेवायचे असते. पाजणे थांबले की दुधाचे संरक्षणही लवकरच ओसरते.

घट्टसर वरण-भात, नाचणीचे सत्त्व, मऊ शिजवलेली भाजी असे ताजे अन्न दर वेळी थोडेच करावे. सकाळचा भात मुलीला संध्याकाळी देऊ नये. भरवणाऱ्याचे आणि मुलीचे, दोघांचेही हात साबणाने धुवावेत. पिण्याचे पाणी उकळून, झाकलेल्या भांड्यात ठेवावे आणि ते ओगराळ्याने काढावे. हात बुडवून पेला भरू नये. दात येताना जुलाब होतातच, असे समजून ते अंगावर काढू नयेत, कारण ते जुलाब दातांमुळे नव्हे तर तोंडात गेलेल्या घाणीमुळे होतात आणि त्यांवरही ओआरएस, झिंक आणि आईचे दूध हाच उपचार आहे.

कामावर जाण्यापूर्वी आणि आल्याबरोबर पाजावे, रात्रीचे पाजणे चालूच ठेवावे. दुपारसाठी हाताने दूध काढायची सवय रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच करावी. हात धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत दूध काढावे. साधारण २५ अंश तापमानाच्या थंड जागी ते चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावे. फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. फ्रिजमधील दूध गॅसवर तापवू नये, वाटी कोमट पाण्यात धरून त्याचा गारठा घालवावा आणि चमच्याने पाजावे. दूध काढून ठेवलेल्या वाटीवर वेळेची चिठ्ठी लावली, तर दुपारी भरवणाऱ्या आजेसासूबाईंना आधीची वाटी कोणती हे विचारावे लागणार नाही. पुढच्या महिन्यात कराडच्या बाजूला आमची बैठक आहे. आपल्या गावच्या उपकेंद्रातील ताईंना मी सांगून ठेवते, त्या घरी येऊन दूध काढण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवतील.